प्लॅन ३०० एमबीपीएसचा, मग तबला का तुटतो?

प्रश्न थोडक्यात असा. कासारवडवलीला राहणारे एक तबलाशिक्षक ऑनलाइन शिकवतात. एक विद्यार्थी पुण्यात, दुसरा न्यू जर्सीत. घरात ३०० एमबीपीएसचं फायबर आहे, अपलोड ३०चं. स्पीड टेस्ट कधीही लावली तरी आकडा २८०च्या खाली येत नाही. तरीही रविवारी संध्याकाळच्या क्लासला बोल तुटतात, चित्र गोठतं, आणि न्यू जर्सीचा विद्यार्थी ठेक्याबरोबर वाजवायला लागला की कायम मागे पडतो. त्यांचा मुलगा घरून काम करतो. त्याला कंपनीच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरवर फाइली चढवाव्या लागतात, त्या दोन-अडीच एमबीपीएसच्या वर सरकत नाहीत. सरांनी विचारलंय: ५००चा प्लॅन घेऊ का?

नका घेऊ, सर. निदान आत्ता तरी नका. तुमच्या घरात तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि ती एकाच वेळी दिसतात म्हणून एकच वाटतात. त्यातलं एकही ५००च्या प्लॅनने बरं होणार नाही.

मी एकवीस वर्षं नेटवर्कचं काम करते, बहुतेक सगळं ठाणे-बेलापूर रस्त्यालगत: महापे, रबाळे, तुर्भे. तक्रार जवळजवळ नेहमी "स्लो आहे" या दोन शब्दांत येते आणि उपाय म्हणून लोक आधी प्लॅन वाढवतात. कल्याणहून सीएसएमटीला जाणाऱ्या फास्टला बाराऐवजी पंधरा डबे लावले तर जास्त माणसं मावतात, पण ठाण्याहून दादरला पोचायला लागणारी मिनिटं तेवढीच राहतात. एमबीपीएस म्हणजे डबे. तुमची तक्रार मिनिटांची आहे आणि वाटेत गळणाऱ्या माणसांची.

स्पीड टेस्टला हे दिसतच नाही. तिचा सर्व्हर मुंबईतच, तुमच्यापासून तीन-चार मिलिसेकंदांवर असतो, आणि ती एकदम अनेक कनेक्शनं उघडून पाइप भरते. अंतर आणि गळती या दोन गोष्टी जितक्या झाकता येतील तितक्या झाकूनच ती मोजते. खोटी नाही ती, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती देत नाही.

आधी न्यू जर्सीचं घेऊ, कारण तिथे मी काही करू शकत नाही.

प्रकाश पोकळीत सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, काचेच्या तंतूत साधारण दोन लाख. म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर धरलं तर सव्वाशे मिलिसेकंद ही निसर्गाचीच अट झाली. पण केबल सरळ जात नाही. ती मुंबईच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरते, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र करत युरोपात निघते आणि मग अटलांटिक ओलांडते. प्रत्यक्षात पिंग लावलात, म्हणजे एक छोटा निरोप पाठवून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजलंत, तर १९० ते २२०च्या आसपास दिसेल. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, त्यात भारताला युरोपशी जोडणाऱ्या दोन होत्या. तेव्हा बरीच वाहतूक लांबच्या वळशाने गेली आणि उशीर वाढला. अशा दिवशीही तुमची स्पीड टेस्ट झकास येते, कारण ती मुंबईबाहेर पडतच नाही.

त्या २०० मध्ये दोन्ही टोकांच्या यंत्रांचा वेळ मिळवा. माइकने आवाज घेतला, त्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे केले, ते दाबून लहान केले, पॅकेटात भरले, पलीकडे थोडा वेळ साठवून मग स्पीकरला दिले. असं दोन्ही दिशांना. धरून चाला की तुमची थाप निघून तिला मिळालेली साथ तुमच्या कानावर यायला ३५० ते ४०० मिलिसेकंद जातात.

आता हे मात्रांत मांडू. मध्यलयीतला तीनताल, मिनिटाला १२० मात्रा. एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. विद्यार्थी तुम्हाला ऐकून तंतोतंत बरोबर वाजवतोय, त्याच्या खोलीत त्याची सम तुमच्या समेवर चोख पडतेय. पण तुमच्या कानावर ती पाऊण मात्रा उशिरा येते. तो मागे पडलाय असं वाटून तुम्ही नकळत जरा थांबता, तुम्ही थांबलात म्हणून तो थांबतो, आणि पाच आवर्तनांत लय पार उतरलेली असते. यात पोराचा काही दोष नाही, सर. त्याला ओरडू नका.

दोन माणसांनी एकत्र वाजवायचं तर एका बाजूचा उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या आत लागतो, हे नेटवर बसून वाजवण्याचे प्रयोग करणाऱ्यांनी बऱ्याचदा तपासलेलं आहे. हवेतून आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे हे दहा मीटर दूर बसलेल्या साथीदाराएवढं झालं. न्यू जर्सीच्या बाबतीत ते कधीच होणार नाही, कितीही पैसे टाका. पुण्याच्या बाबतीत तारेचा उशीर फारतर पाच-सहा मिलिसेकंद, पण नेहमीचं व्हिडिओ कॉलचं अॅप स्वतःच त्यात शंभराच्या वर भर घालतं.

बोलण्याचं तसं नसतं. संभाषणाला एका बाजूचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीत आहे. तुमच्या पिढीला उपग्रहावरून जाणारे परदेशी फोन आठवत असतील. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद. दोघंही एकदम "हॅलो" म्हणायचे, दोघंही एकदम गप्प व्हायचे. आजची समुद्री केबल त्याच्यापेक्षा किती तरी बरी, फक्त तबल्याला ती पुरत नाही.

मग शिकवायचं कसं? लेहरा, म्हणजे तालाची आवर्तनं धरून ठेवणारी धून, तुमच्याकडून पाठवू नका. लेहऱ्याचं अॅप विद्यार्थ्याच्या खोलीत, त्याच्याच टॅबवर लावायला सांगा. लेहरा आणि तबला दोन्ही तिथल्या एकाच माइकमधून निघतात, एकत्रच उशिरा येतात, आणि तुम्हाला ते एकमेकांशी जुळलेलेच ऐकू येतात. तो समेवर येतो की नाही, हे तुम्हाला खरंखुरं कळतं. एरवी तुम्ही वाजवायचं, थांबायचं, मग त्याने वाजवायचं. एकत्र वाजवण्याचा हट्ट सोडून द्या.

आता बोल तुटण्याचं. हे दुखणं बरं होणारं आहे आणि ते समुद्रात नाही, तुमच्या घरात आहे, असा माझा अंदाज आहे. का, ते सांगते.

आवाज सेकंदाला साधारण ५० पॅकेटांत जातो. फाइल पाठवताना हरवलेलं पॅकेट परत मागवता येतं. जिवंत आवाजात तेवढा वेळ नसतो: मागवलेलं पॅकेट येईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. म्हणून अॅप ते सोडून देतं आणि भोक बुजवतं. बुजवतं म्हणजे आधीचाच आवाज जरा ताणतं. गायकाचा लांबवलेला "आ" असेल तर हे कोणाला कळतही नाही. पण तबल्यात चाटेवरचा "ता" म्हणजे सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांचा आघात, बाकी नुसता घुमारा. तो आघात ज्या पॅकेटात होता तेच गेलं तर ताणायला उरतं काय? १२० च्या लयीत चौपटीचं तिरकिट वाजवलंत तर एक अक्षर १२५ मिलिसेकंदांचं, म्हणजे सहा पॅकेटांचं. त्यातलं पहिलं गेलं की अक्षर बोबडं होतं.

शंभरात एक पॅकेट गेलं तर दर दोन सेकंदांना एक. ऐकायला एवढं वाईट वाटत नाही, आणि सुटं-सुटं गेलं तर खरंच फार जाणवत नाही. पण पॅकेटं सुटी जात नाहीत, घोळक्याने जातात. सलग दहा गेली की २०० मिलिसेकंद गायब, दीड-दोन अक्षरं संपूर्ण. महिन्याचा सरासरी पॅकेट लॉस, म्हणजे गळती, ०.१ टक्का असं कागदावर दाखवणाऱ्यांशी माझी कायम भांडणं होतात ती याचमुळे.

आणि दुसरं: उशिरा आलेलं पॅकेट आणि न आलेलं पॅकेट, ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच. पॅकेटं सारख्या अंतराने निघतात पण सारख्या अंतराने पोचत नाहीत, हा जो चढउतार त्याला आम्ही जिटर म्हणतो. पलीकडचं अॅप तो पचवायला थोडा साठा हाताशी ठेवतं. साठा ६० मिलिसेकंदांचा आणि एक पॅकेट ९० उशिरा आलं, तर ते आलं काय, न आलं काय, फेकूनच दिलं जातं. अॅप मग घाबरून साठा वाढवतं आणि एकूण उशीर आणखी वाढतो. म्हणजे उशीर थोडा पण हलता असेल, तर तो जास्त पण स्थिर असलेल्या उशिराहून वाईट. लोकल रोज सात मिनिटं उशिरा येत असेल तर आपण सात मिनिटं उशिरा निघतो. कधी वेळेवर आणि कधी बारा मिनिटं उशिरा, हे माणसाला वेड लावतं.

इथे एक आडवाट. सगळं खापर नेटवर्कवर फोडण्याआधी अॅपचं नॉइज सप्रेशन बंद करून बघा. ही अॅपं माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली. बायाँचा घुमारा त्यांना पंख्याचा आवाज वाटतो आणि ती इमानेइतबारे तो पुसून टाकतात. झूममध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" अशी सोय आहे, ती चालू करा, विद्यार्थ्यांनाही करायला सांगा. एका वादक मैत्रिणीचं "नेट खराब आहे" हे तीन महिन्यांचं रडगाणं त्या एका बटनाने थांबलं होतं. नेटवर्कवाली म्हणून मी जरा ओशाळलेच.

तर पॅकेटं उशिरा का येतात? कारण ती रांगेत उभी असतात.

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या विद्यार्थ्याचा सकाळचा क्लास नीट होतो आणि त्रास रविवारी संध्याकाळी सातच्या क्लासला जास्त, घरचे सगळे बाहेरून आले की आणखी जास्त. हेच मला हवं होतं. मुलाला दोष देऊ नका, तो ३० पैकी जेमतेम अडीच एमबीपीएस वापरतो, त्याने रांग लागत नाही. मला संशय आहे तो फोनांवर. घरचे येतात, चारही फोन वायफायला लागतात, आणि दिवसभर काढलेले फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढायला लागतात. ते ज्या सर्व्हरवर जातात तो बहुधा मुंबईतच, अगदी जवळ, म्हणून ते अपलोडचे ३०च्या ३० एमबीपीएस खाऊन टाकतात.

खाल्ले म्हणून बिघडत नाही. बिघडतं ते राउटरमुळे. बनवणाऱ्याने त्यात भरपूर मेमरी दिली, एकही पॅकेट पडू नये या सद्हेतूने. समजा ती ३ मेगाबाइटची रांग आहे. ३ मेगाबाइट म्हणजे २४ मेगाबिट, अपलोड ३०चं: रांग रिकामी व्हायला ०.८ सेकंद. तुमच्या तबल्याचं चिमुकलं पॅकेट या फोटोंच्या मागे जाऊन उभं राहतं. हरवलं काहीच नाही, पॅकेट लॉस शून्य, आणि कॉल मात्र मेला. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याने २०१०-११च्या सुमारास आपल्या घरातलंच असं दुखणं खणून काढलं, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली: रांग किती लांब आहे ते न बघता पॅकेट किती वेळ रांगेत होतं ते बघायचं, आणि फार वेळ झाला तर सरळ टाकून द्यायचं. पॅकेट मुद्दाम टाकल्याने संवाद सुधारतो, हे नव्या मुलांना शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तपासायचं कसं, ते नीट सांगते. लॅपटॉपवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि दोन पिंग सतत चालू ठेवा. एक घरच्या राउटरला, बहुतेकांचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. दुसरा बाहेर, ८.८.८.८ ला. शांत वेळेला राउटरचा आकडा एक ते पाच मिलिसेकंद आणि बाहेरचा त्याहून थोडा जास्त दिसायला हवा. आता एका फोनवरून मोठा व्हिडिओ वर चढवायला लावा आणि आकडे बघत बसा.

राउटरचा आकडा तसाच राहिला आणि बाहेरचा ५००-६०० वर गेला, तर रांग राउटरच्या बाहेर जायच्या तोंडाशी आहे. उपाय: क्लासच्या वेळी फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाका. कायमचा उपाय हवा असेल तर एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल, म्हणजे कोडेलसारखी रांग आटोक्यात ठेवणारी सोय, असलेला राउटर घ्या आणि त्यात अपलोड २७ वर बांधून टाका. ३० पैकी तीन मुद्दाम सोडून द्यायचे, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे कोणाला आधी सोडायचं ते तुमच्या हातात येतं. ५००च्या प्लॅनमध्ये अपलोड ५० झालं तरी फोटो तेही खातील, रांग फक्त जरा लवकर सरकेल.

राउटरचाच आकडा नाचत असेल, मध्येच ८०, मध्येच १५०, तर दोष वायफायचा. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये हे फार. तुमच्या फोनमध्ये शेजाऱ्यांची किती नावं दिसतात ती मोजा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगमध्ये घरं शंभर. वायफाय पॅकेट हरवू देत नाही, आदळलं की स्वतःच परत पाठवतं, पुन्हा आदळलं की पुन्हा. म्हणून लॉस दिसत नाही, तो जिटर होऊन बाहेर पडतो. यावर चर्चा नको. राउटरपासून शिकवण्याच्या खोलीपर्यंत लॅनची वायर टाका. पन्नास-साठ फुटांची वायर ५००च्या प्लॅनच्या एका महिन्याच्या फरकात बसते. तेवढं जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झ, दार उघडं ठेवून.

आणि दोन्ही ठीक, कुठलाही अपलोड चालू नसताना बाहेरच्या पिंगमध्ये मात्र "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" अधूनमधून येत असेल, तर लाइनमनला बोलवा आणि त्याला एकच विचारा: "ओएनटीला पॉवर किती येतोय?" ओएनटी म्हणजे फायबर ज्यात शिरतो तो घरातला डबा, पॉवर म्हणजे त्यात पोचणारा प्रकाश. मीटरवर उणे १८, उणे २० असं काही असेल तर निर्धास्त राहा. उणे २७च्या जवळ असेल तर तो काठावर आहे. कुठे तरी घाईत मारलेला जोड असतो, खोदाईत फायबर तुटल्यावर रात्री टॉर्चच्या उजेडात केलेला, नाहीतर तुमच्याच कपाटाच्या दारात पॅचकॉर्ड दबलेली असते. काच आहे ती. जास्त वाकवली की प्रकाश बाहेर सांडतो.

आता मुलाचं. याला मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण हे दुखणं सगळ्यात फसवं आहे.

फाइल टीसीपीवरून जाते, म्हणजे माल पोचल्याची खात्री करत पाठवण्याच्या पद्धतीने. टीसीपी थोडा माल पाठवतो, पलीकडून "मिळालं" असा निरोप येईपर्यंत थांबतो, मग पुढचा पाठवतो. सगळं नीट चाललंय असं दिसलं की एका वेळी पाठवायचा माल हळूहळू वाढवतो. एक पॅकेट हरवलं की त्याला वाटतं रस्ता तुंबला, आणि तो माल एकदम कमी करतो, जुन्या पद्धतीत थेट निम्मा. हा भित्रेपणा त्याला मुद्दाम शिकवलाय. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि तिथलं विद्यापीठ यांच्यामधली लाइन सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळली होती. हजार नाही, नुसते ४०. अंतर किती, तर ४०० यार्ड, आपल्या पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडंसंच जास्त. सगळे जण हरवलेलं पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्यानेच रस्ता आणखी तुंबत होता. वर कोडेलच्या संदर्भात आले तेच व्हॅन जेकबसन, त्यांनी १९८८ मध्ये यावरचा इलाज लिहिला, आणि आजचा टीसीपी त्याच इलाजावर उभा आहे.

आता या वागण्यात उशीर घाला. माल कमी केल्यावर परत वाढवायचा तो निरोप आल्यावरच. निरोप ५ मिलिसेकंदांत येत असेल तर टीसीपी क्षणात सावरतो. २०० मिलिसेकंदांत येत असेल तर सावरायला चाळीसपट वेळ. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी याचं साधं सूत्र दिलं: एका कनेक्शनचा वेग पॅकेटच्या आकाराच्या प्रमाणात, उशिराच्या व्यस्त प्रमाणात आणि गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. आकडे घालून बघा. पॅकेट १४६० बाइटचं, गळती हजारात एक. मुंबईतला सर्व्हर, उशीर ५ मिलिसेकंद: ९० एमबीपीएस. व्हर्जिनिया, २०० मिलिसेकंद: सव्वादोन एमबीपीएस. तीच लाइन, तीच गळती, तोच लॅपटॉप. प्लॅनचा आकडा या सूत्रात कुठेच नाही, हे मुलाला दाखवा. क्यूबिक, जो २००६ पासून लिनक्समध्ये नेहमीचा टीसीपी आहे, तो या सूत्रापेक्षा थोडा बरा वागतो, पण चित्र तेच.

मात्र सव्वादोन-अडीच हा आकडा बघून मला दुसराही संशय येतो. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी वाटेत ठेवायचा माल, ज्याला आम्ही टीसीपीची खिडकी म्हणतो, ६४ किलोबाइटांवर अडकलेला असतो. ६४ किलोबाइट दर २०० मिलिसेकंदांना म्हणजे २.६ एमबीपीएस, गळती शून्य असली तरी. ३० एमबीपीएसचं अपलोड पूर्ण भरायचं तर वाटेत ७५० किलोबाइट तरी हवेत. दोघांपैकी चोर कोण, ते आलेखावरून ओळखता येतं. वेगाची रेघ पट्टीने मारल्यासारखी सपाट असेल तर खिडकी लहान आहे. करवतीच्या दातांसारखी वर चढते आणि धाडकन पडते असं असेल तर गळती. पहिल्याला सॉफ्टवेअर बदला किंवा त्यात बफर वाढवा. दुसऱ्याला गळती शोधा. तोवर एक फाइल आठ तुकड्यांत, आठ कनेक्शनांवर पाठवणारं साधन वापरा, दोन्हींवर चालतं. कंपनीने सर्व्हरला बीबीआर हा टीसीपीचा नवा प्रकार लावला तर डाउनलोडही सुधारेल, कारण २०१६ मध्ये गूगलने आणलेली ती पद्धत पॅकेट हरवलं म्हणून लगेच घाबरत नाही. पण अपलोडला तो पाठवणाऱ्याच्या, म्हणजे मुलाच्याच लॅपटॉपवर लागायला हवा, आणि कंपनीचा लॅपटॉप असेल तर आयटीवाले ते करू देतील असं नाही.

गळती शोधताना "पिंग लावला, सगळं ठीक आहे" यावर थांबू नका. २००९ च्या पावसाळ्यात महाप्याच्या एका कारखान्यात मला बोलावलं होतं. जर्मनीला ड्रॉइंग पाठवायची होती, जाता जात नव्हती. लीज्ड लाइन (फक्त त्यांच्यासाठी भाड्याने घेतलेली लाइन) त्यांनी वर्षभरात दोनदा वाढवली होती, फरक शून्य. मी येईपर्यंत लाइनवाल्या कंपनीशी भांडण वकिलापर्यंत गेलेलं. पिंग लावला, शंभरपैकी शंभर परत. रॅकसमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून स्विचच्या पोर्टचे काउंटर बघितले. ड्रॉइंग पाठवायला लावलं की "लेट कोलिजन", म्हणजे पॅकेटांच्या उशिरा झालेल्या टकरा, भराभर वाढायचे, थांबवलं की थांबायचे. राउटरच्या बाजूला कोणी तरी १०० फुल डुप्लेक्स (दोघांनी एकदम बोलायचं) असं हाताने बांधून ठेवलं होतं, स्विचची बाजू ऑटोवर होती. समोरून बोलणी होत नाहीत म्हणून स्विचने आपणहून हाफ डुप्लेक्स घेतला. आता राउटर बोलता बोलता ऐकतोय, आणि स्विचला वाटतंय एका वेळी एकानेच बोलायचं असतं. पिंग एक-एक जातो, एक-एक येतो, त्याची टक्कर होतच नाही. फाइल जाताना माल एकीकडून आणि निरोप दुसरीकडून एकदम येतात, तेव्हा आदळतात. दोन्ही बाजू ऑटो केल्या. चार मिनिटांचं काम. वाढवलेल्या लाइनचं बिल ते वर्षअखेरपर्यंत भरत होते, करारच तसा होता.

म्हणून पिंग मोठ्या पॅकेटांचा लावा, आणि मुलाचा अपलोड चालू असताना लावा. वाटेतल्या प्रत्येक राउटरचा उशीर आणि लॉस दाखवणारं एमटीआर चालवलात तर फक्त शेवटची ओळ धरा. मधल्या एखाद्या ओळीत ६० टक्के लॉस दिसतो आणि लोक त्याचा स्क्रीनशॉट लाल गोल करून पाठवतात. त्याच्या पुढच्या सगळ्या ओळी शून्य असतील तर तो राउटर नुसता तुम्हाला उत्तर द्यायचा कंटाळा करतोय, माल नीट पुढे जातोय.

मुलाच्या व्हीपीएनबद्दल, म्हणजे कंपनीपर्यंतच्या बंद बोगद्याबद्दल, तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण तो असणारच. तो टीसीपीवर चालत असेल तर आतला टीसीपी आणि बाहेरचा टीसीपी दोघंही एकच हरवलेलं पॅकेट परत पाठवायला धावतात आणि गोंधळ दुप्पट होतो. सेटिंगमध्ये यूडीपीचा, म्हणजे हरवलेलं परत न पाठवणाऱ्या पद्धतीचा, पर्याय दिसला तर तो घ्यायला सांगा. आणि व्हीपीएन चालू असताना भारतातल्या साइटसुद्धा रेंगाळतात का, ते विचारा. तसं असेल तर त्याचं प्रत्येक पान व्हर्जिनियाला जाऊन परत ठाण्याला येतंय. पान उघडायच्या आधीच टीसीपीची एक फेरी, जुन्या टीएलएसच्या (कुलूप लावायच्या बोलण्यांच्या) दोन, मागणीची एक: २०० गुणिले चार, ८०० मिलिसेकंद पांढरा पडदा. हे त्याच्या आयटीवाल्यांनीच सोडवायला हवं.

येत्या रविवारी सातच्या क्लासला दोन्ही पिंग चालू ठेवा. पहिली पंधरा मिनिटं फोन जसे आहेत तसे राहू द्या, नंतरची पंधरा मिनिटं चारही फोनांचं वायफाय बंद करा. चारही आकडे मला कळवा, आणि ओएनटीचा पॉवर मिळाला तर तोही.